एक घर, एक नंबर

एका अमेरिकन कॅप्टनने मला फसवलं. माझ्या दुकानातली एक चिठ्ठी त्याने गोड बोलून माझ्याकडून काढून घेतली आणि तिच्या जोरावर स्वतःच्याच सार्जंटला फौजेतून घालवलं. सार्जंटची सतरा वर्षांची नोकरी होती. गुन्हा एवढाच, की तो एका पुरुषाबरोबर संसार करत होता, आणि तसं माझ्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं.

मी शिंपी. रत्नागिरीकडच्या खेड्यातला. कुवेतला आलो ते इराकी निघून गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. भिंतींवर तेव्हा अजून तेलाच्या धुराची काजळी होती. सलव्यात एका दुकानात मशीनवर बसलो. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सबाह अल-सालेमच्या बंगल्यांमधून पडद्यांची मापं घेत फिरलो. सात वर्षांनी त्याच गल्लीत माझा गाळा झाला. परवाना कफिलाच्या, म्हणजे माझ्या कुवेती जामीनदाराच्या नावावर, डोकं माझं. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही. कापडाच्या व्यापाऱ्याला भाव पटला नाही की मी चहा अर्धा टाकून उठतो, आणि त्याने दारापर्यंत येऊन हाक मारली तरच परत बसतो. कॅप्टनने मला कुठे गाठलं ते कळावं म्हणून हे सांगतोय. भावात त्याने मला गाठलं नाही. भावात कोणाच्या बापाला जमलं नसतं.

गावाकडे मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मास्तरांची एक पद्धत होती. गणपतीच्या आधी घरंच्या घरं मापं द्यायला यायची. बाप, आई, चार पोरं, एखादी विधवा आत्या. मास्तर माणशी नंबर घालत नसत. घराला नंबर घालत. सगळ्यांचे कपडे एकाच गठ्ठ्यात, वर एकच चिंधी, चिंधीवर एकच आकडा. चिठ्ठीवर नावं खाली खाली आणि शेवटी ‘घर’ असा शब्द. म्हणजे कपडे न्यायला कोणीही आलं तरी सगळा गठ्ठा द्यायचा. ही पद्धत मी कुवेतला घेऊन आलो आणि तिचा मला अभिमान होता. पंचवीस वर्षांत माझ्याकडे एकाचा कपडा दुसऱ्याकडे गेलेला नाही.

अमेरिकेची फौज सीमेपलीकडे इराकात गेली त्याच्या पुढच्या वर्षी कफिलाच्या ओळखीने मला वाळवंटातल्या एका छावणीत शिवणाची केबिन मिळाली. तेव्हा त्यांच्या वाळूच्या रंगाच्या गणवेशावर सगळं शिवून लावावं लागायचं. एका खिशावर आडनावाची पट्टी, दुसऱ्यावर फौजेची, कॉलरवर हुद्दा. पुढे चिकटपट्टीचे गणवेश आले आणि ते काम संपलं, पण ती दोन वर्षं मशीनं थंड झाली नाहीत.

माझा कटर माझ्या गावाजवळचाच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हात असा की कापडाला कात्री लागल्याचं कापडाला कळू नये. मला भाऊ म्हणायचा. चिडला की शेट म्हणायचा. फहाहीलला आम्ही सहाजण एका खोलीत राहायचो, बिनबायकांचे सगळे, आणि खोली माझ्या नावावर असल्याने खोलीतला कायदा माझा. कटरचा एक मित्र होता, फरवानियात एसी दुरुस्त करणारा. दर शुक्रवारी यायचा. तो नुसता मित्र नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी टोमणा मारला तर मी दटावायचो. पण मी एक नियम घातला होता: मित्राने जिन्यापर्यंत यायचं. आत नाही. कटरने काही सांगायचं नाही, आम्ही काही विचारायचं नाही. दुसऱ्या एखाद्या खोलीत त्याला सामानासकट बाहेर काढलं असतं. मी काढलं नाही. मला वाटायचं, माझ्याएवढ्या मोठ्या मनाचा माणूस अख्ख्या फहाहीलमध्ये नसेल.

सार्जंट पहिल्यांदा केबिनमध्ये आला तो एका दुपारी. गाड्यांच्या दुरुस्तीवरचा मुख्य, उंच, बोटांच्या रेषांमध्ये ग्रीस कायमचं मुरलेलं. बरोबर छावणीच्या दवाखान्यातला एक जवान. दोघांच्या हातात गणवेश. कटर आणि मी सोडून दुकानात कोणी नव्हतं. मी सवयीने विचारलं, जसं मी सगळ्यांना विचारतो, “घरी कोण कोण असतं, सार्जंट?”

“एक म्हातारी कुत्री,” तो म्हणाला आणि मानेने दवाखान्यातल्या जवानाकडे दाखवून म्हणाला, “आणि हा. दोघंही घोरतात.”

जवान लाल झाला. कटरने मान वर करून दोघांकडे पाहिलं, दोघांचे कपडे एकत्र केले, एकच चिंधी बांधली. मी चिठ्ठी लिहिली. दोन नावं आणि खाली मराठीत ‘घर’.

कपडे न्यायला आल्यावर सार्जंटने विचारलं, “बॉस, आमच्या तुकड्या वेगळ्या आहेत. नंबर एकच कसा?”

मी त्याला मास्तरांची पद्धत सांगितली. एक घर, एक नंबर. छावणीत काही नवरा-बायको दोघंही जवान होते, त्यांचंही मी असंच करायचो. तो ऐकत राहिला. मग दवाखान्यातल्या जवानाला म्हणाला, “ऐकलंस? कुवेतच्या शिंप्याने आपलं लग्न लावलं.” आणि मला म्हणाला, “राहू दे असंच. आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं.”

त्यानंतर वर्षभर त्या दोघांचा एकच गठ्ठा. मला त्यात काही थोर केल्यासारखं वाटलं नाही. कपडे एका घरचे होते, मी एका घरचे बांधत होतो.

कॅप्टन सार्जंटचा वरिष्ठ. माझ्याकडे आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे चढा भाव सांगितला आणि त्याने घासाघीस न करता पैसे काढून ठेवले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. त्याने चहा घेतला. मशीनला हात लावून पाहिला. म्हणाला, “माझ्या अख्ख्या कंपनीचं काम तुला देतो.” मग फळीवरच्या गठ्ठ्यांकडे पाहत म्हणाला, “माझा सार्जंट तुझी फार तारीफ करतो. तुझी काहीतरी खास पद्धत आहे म्हणे.”

स्वतःच्या हुशारीची तारीफ ऐकायला मी किती भुकेला होतो, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी गठ्ठा खाली काढला. चिंधी दाखवली. चिठ्ठी दाखवली.

“हे खाली काय लिहिलंय?”

“घर, सर. मराठीत.”

“म्हणजे?”

त्या छावणीत मराठी वाचणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि कटर. मी तोंड मिटून बसलो असतो तर त्या शब्दाचा अर्थ कोणालाही लागला नसता. मी मात्र त्याला अर्थ सांगितला, वर नवरा-बायकोंच्या गठ्ठ्यांचं उदाहरणही दिलं.

कॅप्टन हसला. म्हणाला, “छान. दोघांना एकाच वेळी रजा मिळावी म्हणून मी खटपट करतोय. माझी माणसं मी सांभाळतो. पण वरच्यांना कागद लागतो. ही चिठ्ठी देशील? आणि खाली इंग्रजीत लिही, त्यांना वाचता यायला पाहिजे.”

मी इंग्रजीत लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. त्याबद्दल काही मागितलं नाही. माझ्या आयुष्यात मी मोबदला न घेता दिलेली ती एकच वस्तू.

कटर मागे इस्त्री करत होता. कॅप्टन गेल्यावर त्याने इस्त्री उभी केली. “भाऊ, कशाला दिलीत?”

“रजेसाठी. बिचाऱ्यांचं भलं होईल.”

“त्यांच्या फौजेत हे चालत नाही, भाऊ. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, असा त्यांचा कायदा आहे. सांगितलं की घरी. छावणीत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे.”

“मग मला कोणी सांगितलं नाही ते?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

मी कॅप्टनच्या मागे धावलो. तो त्याच्या तंबूत नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, पण चिठ्ठी नव्हती.

आठवड्याने दोन अधिकारी केबिनमध्ये आले. टाइप केलेला कागद बरोबर घेऊनच. त्यात लिहिलं होतं, की त्या दोघांनी माझ्यापाशी संबंध कबूल केले, आणि मी त्यांची नोंद विवाहित जोडप्यांसारखी करतो. मी म्हणालो, सही करणार नाही. एकजण शांतपणे म्हणाला, तुझे आणि तुझ्या माणसांचे छावणीचे पास आमच्या कार्यालयातून निघतात. माझी अकरा माणसं त्या केबिनवर जगत होती. अकरा इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, आणि अकरा घरं.

मग मी मला जे येतं ते केलं. घासाघीस. “कबूल केले” हे वाक्य खोटं आहे, ते काढा म्हणालो. ते नाही म्हणाले. मी उठलो. त्यांनी परत बसवलं. पाऊण तास ओढाताण झाली आणि शेवटी त्यांनी ते वाक्य खोडलं, बाजूला स्वतःची आद्याक्षरं घातली. उरलेल्या वाक्यावर मी सही केली. खरं सांगतो, ते दोघे गेले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. एक वाक्य पाडलं होतं मी त्यांचं. त्यांना हवं ते दुसरंच, जोडप्याच्या नोंदीचं वाक्य होतं.

सार्जंट शेवटचा आला तो साधी पँट घेऊन. प्रवासासाठी विकत घेतलेली, खालून चार बोटं मोठी. गणवेशात जायची मुभा त्याला उरली नव्हती. मी माप घ्यायला गुडघ्यावर बसलो, आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, की चिठ्ठी मी दिली, वर सहीसुद्धा केली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पाहिला मी कागद. एक वाक्य खोडलंय त्यात. तू खोडायला लावलंस?”

“हो.”

“मला वाटलंच. फौजेत कोणी वाक्य खोडून घेत नाही.” मग म्हणाला, “गंमत सांगू? कॅप्टनला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. अमेरिकेत आमच्या घरी जेवून गेलाय तो. माझ्या माणसाच्या हातचं मटण खाऊन बोटं चाटलीत.”

“मग आत्ताच काय झालं?”

“तीन ट्रक झाले. ब्रेक धड नव्हते. त्याला त्या दिवशी सीमेपलीकडे पाठवायचे होते. मी गाड्या चालण्यालायक आहेत असं लिहून द्यायला नकार दिला. पोरं बसणार होती त्यात.” त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “सगळे मला चालवून घेत होते, बॉस. मी समजत होतो, मी त्यांच्यातला आहे. चालवून घेणाऱ्याला वाटेल त्या दिवशी थांबता येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

दवाखान्यातल्या जवानाचं काय, असं मी विचारलं. सार्जंटने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि कागदांवर लिहून दिलं होतं, की जवान फक्त भाडेकरू, त्याचा काही संबंध नाही. म्हणून जवान वाचला. पुढच्या आठवड्यात तो एकटा आला, कपडे ठेवले आणि काउंटरकडे बघत म्हणाला, “मला वेगळा नंबर दे. माझा एकट्याचा.” मी लिहिला. खाली ‘घर’ लिहिलं नाही.

सार्जंट गेला त्या दिवशी मी केबिनमध्ये आरडाओरडा केला. कॅप्टनच्या सात पिढ्या काढल्या. दोन वर्षं एका ताटात जेवायचं आणि गरज सरली की माणसाचं प्रेम पुरावा म्हणून वापरायचं! आणि त्यांचा तो कायदा! पोटात ठेव म्हणायचं, आणि पोटात ठेवल्याबद्दल आपणच स्वतःची पाठ थोपटायची! कटर कापड कापत होता. मग त्याने कात्री ठेवली.

“झालं बोलून, शेट?”

शेट म्हणाला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“तुम्ही एवढे चिडलात ते बरंच झालं. पण विचारायचं नाही, सांगायचं नाही, हा कायदा मला नवा नाही. मी सहा वर्षं त्याच कायद्याखाली झोपतोय. तुमच्या खोलीत.”

“मी तुला कधी काही बोललो?”

“नाही बोललात. तेच तर.”

“अरे, दुसऱ्याने हाकलला असता तुला!”

“कॅप्टनही हेच म्हणत असेल. दोन वर्षं हाकलला नाही म्हणून.”

मला एवढा राग आला, की हातातली टेप मी भिंतीवर फेकली. बाकीची माणसं मशीनचा आवाज मुद्दाम मोठा करून बसली. मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. वाळवंटातलं ऊन डोक्यावर घेतलं तरी राग उतरत नाही, उलट शिजतो. परत आत आलो आणि म्हणालो, “बरं. ह्या शुक्रवारी त्याला आत येऊ दे.”

मला वाटलं, तो खूश होईल. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी भाव न समजणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

“येऊ दे म्हणजे काय, शेट? तुमचा मेहुणा मागच्या रमजानात आला होता. तुम्ही म्हणालात का, येऊ दे त्याला? तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, आला का रे, किती उशीर केलास, जेवण निवतंय.”

मी भिंतीपाशी जाऊन टेप उचलली आणि गुंडाळून ठेवली.

महिन्याभरात कटरने फहाहील सोडलं. सलव्यात दुकानाजवळ दोघांनी एक खोली घेतली. काम माझ्याकडेच करत राहिला, हात तोच, वेळ तीच. खोलीवर मला एकदा बोलावलं. मी चपला काढून दारातच उभा राहिलो, आत जाऊ की नको अशा विचारात. एसीवाल्याने आतून हाक मारली, “या की भाऊ, दारात काय उभे? जेवण निवतंय.” मी जेवलो. सुक्या सुंगटांची चटणी होती, माझ्या आईच्या हातासारखी.

कॅप्टन त्या वर्षअखेरीला पुन्हा केबिनमध्ये आला. त्याला बढती मिळाली होती, मेजर झाला होता, नवा हुद्दा कॉलरवर शिवून हवा होता. गणवेश काउंटरवर ठेवला.

“होणार नाही,” मी म्हणालो.

“काम जास्त आहे?”

“तुमचं होणार नाही. चिठ्ठी परत द्या, मग बघू.”

त्याला आठवायला थोडा वेळ लागला. मग त्याने आवाज खाली आणला, जणू मीच लाजेची गोष्ट काढली होती. “हे बघ, माझा त्याच्यावर वैयक्तिक राग नव्हता. मी दोन वर्षं त्याला सहन केला. दुसरा कोणी केला नसता. पण एकदा कागदावर आलं, की माझे हात बांधलेले.”

“कागद कोणी आणला?”

“तू लिहिलास.”

हे त्याने माझ्या तोंडावर, माझ्या दुकानात, माझ्या चहाच्या पेल्यासमोर म्हटलं. मी त्याचा गणवेश उचलला आणि केबिनच्या बाहेर वाळूत टाकला. पुढच्या खेपेला माझ्या पासांचं नूतनीकरण झालं नाही. कफिलाने मला वेडा म्हटलं. अकरा माणसं मी सलव्याच्या गाळ्यात दाटीवाटीने बसवली आणि शाळेच्या गणवेशांवर वर्ष काढलं.

पुढे कधीतरी त्यांनी तो कायदा काढून टाकला. दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी एका बाईंच्या ब्लाउजला काखेत पट्टी लावत होतो. आता तिथे कोणीही उघडपणे नोकरी करू शकतो म्हणे. टाळ्या वाजत होत्या. मी कटरकडे बघितलं. तो म्हणाला, “सार्जंटला परत बोलावलं का, ते नाही सांगितलं.”

नाही सांगितलं. म्हणून मी विचारतोय.

मेजरसाहेब, किंवा आता तुम्ही जे कोणी असाल ते. माझ्या खोलीतल्या कायद्याचा जाब कटरने मला उभा करून विचारला, आणि त्याच्या दारात मी शरमेने उभाही राहिलो. तुम्हाला कोणी विचारला? त्या घरी तुम्ही जेवलात. ते घर आहे हे तुम्हाला माझ्या आधी ठाऊक होतं. तीन ट्रकांच्या ब्रेकचा राग तुम्ही माझ्या एका शब्दावर काढलात, आणि वर सहन केल्याचं श्रेयही घेतलंत. तो शब्द मी मापाच्या चिठ्ठीवर लिहिला होता, कोणाला पकडायला नाही. सतरा वर्षांची नोकरी केलेला माणूस गणवेशाऐवजी साधी विकतची पँट घालून घरी का गेला, ह्याचं उत्तर द्या. कायदा होता, असं सांगू नका. कायद्याला माझ्या दुकानाचा रस्ता माहीत नव्हता, तो तुम्ही दाखवलात. माझी चिठ्ठी घेऊन या, सलव्यातल्या ह्याच गाळ्यात उभे राहा, कटरसमोर, आणि उत्तर द्या.